गाठीचा पैसा आणि दूरदेशीची गाठ

परीक्षा, क्रिकेट आणि कापसाचा भाव हे आमच्या आदिलाबादकडच्या विद्यार्थ्यांचे चहाच्या टेबलावरचे पिढीजात विषय. गेल्या वर्षभरात त्यांत ‘मास्टरनोड’ नावाचा एक पाहुणा येऊन बसला आहे आणि तो लवकर उठेल असे दिसत नाही. कोणी सांगतो, परदेशात एक संगणक भाड्याने घ्यायचा, त्यावर लिनक्स चालवायचे, कसलेसे आभासी नाणे तारण ठेवायचे आणि स्वस्थ झोपायचे. नवी नाणी आपोआप खात्यात पडत राहतात. ऐकणारा विचारतो, “किती टक्के?” आकडा ऐकला की डोळे चमकतात आणि चर्चा संपते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विचारायचा पहिला प्रश्न मात्र “किती?” हा नसून “कोण देतो?” हा आहे. तो विचारलेला मी फारसा ऐकला नाही, म्हणून हा लेख.

‘नोड’ म्हणजे गाठ. मासेमारीच्या जाळ्यात धाग्याला धागा मिळतो तिथे जशी गाठ असते, तशी संगणकांच्या जाळ्यातला एकेक संगणक ही एक गाठ. मराठीत या शब्दाला आणखीही अर्थ आहेत. ‘गाठीला चार पैसे आहेत’ असे आपण म्हणतो. आमच्या जिनिंग-प्रेसिंगच्या गिरणीतून बाहेर पडते तीही गाठच. कापसाची, १७० किलोची. कन्नडमध्ये ‘गंटु’ म्हणजे गाठ, गाठोडे आणि साठवलेला पैसाही. तेव्हा या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना हा शब्द सारखाच जवळचा वाटावा. माझे म्हणणे एवढेच की, ही संगणकाची गाठ कशी मारतात ते आपल्यापैकी प्रत्येकाने शिकावे. गाठीचा पैसा मात्र तिच्यात घालू नये. ही दोन कामे वेगळी आहेत आणि सध्या ती एकच असल्यासारखी सांगितली जात आहेत.

आधी गोष्ट नीट समजून घेऊ. आभासी नाण्याची खातेवही एका बँकेत नसते. तिच्या प्रती हजारो संगणकांवर असतात. २००९ साली सुरू झालेल्या बिटकॉइनमध्ये ही वही लिहिण्याचे काम प्रचंड वीज खाणारी यंत्रे करतात आणि मोबदल्यात त्यांना नवी नाणी मिळतात. २०१४ च्या जानेवारीत इव्हान डफिल्ड या अमेरिकन माणसाने एक वेगळे नाणे काढले; नावे बदलत बदलत २०१५ मध्ये ते ‘डॅश’ झाले. त्यात त्याने एक नवा वर्ग निर्माण केला. ज्याच्याकडे १००० डॅश आहेत आणि जो ती न खर्चता एका जागी ठेवून चोवीस तास चालणारा एक संगणक पुरवील, तो ‘मास्टरनोड’. व्यवहार काही सेकंदांत पक्का करणे, वहीत मागाहून कोणी फिरवाफिरव करू नये म्हणून साक्ष देणे, सामाईक निधी कुठे खर्चावा यावर मत देणे ही त्याची कामे. नव्या नाण्यांपैकी ४५ टक्के यंत्रवाल्यांना, ४५ टक्के मास्टरनोडवाल्यांना आणि १० टक्के सामाईक निधीला अशी वाटणी बरीच वर्षे होती; पुढे मास्टरनोडचा वाटा वाढत गेला.

आमच्या बाजार समितीच्या आवारात अडत्या परवाना घेतो, अनामत भरतो आणि मग त्याला अडत मिळते, तसेच हे आहे असे एका मित्राने मला समजावले. उपमा वाईट नाही. फरक असा की अडत्याला मिळणारी अडत बाजारात आलेल्या खऱ्या कापसावर मिळते. कापूस आला नाही तर अडतही नाही. मास्टरनोडला मात्र बाजारात कोणी फिरकले नाही तरी ‘अडत’ मिळते, कारण ती नव्याने छापलेल्या नाण्यांतून दिली जाते. या फरकाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण सगळी मेख तिथे आहे.

आता ही गाठ मारतात कशी ते सांगतो. सर्वांत मनोरंजक भाग तोच आहे आणि दुर्दैवाने सर्वांत कमी बोलला जातो.

ज्याला ‘दूरस्थ सर्व्हर’ म्हणतात तो म्हणजे कुठल्यातरी मोठ्या संगणकाचा भाड्याने मिळणारा एक कप्पा. तो मुंबईत असेल, सिंगापूरला असेल, जर्मनीतही असेल. आपल्या हाती येतात ते फक्त आकड्यांचा एक पत्ता आणि एक परवलीचा शब्द. पडदा नाही, चित्रे नाहीत, माउस नाही. काळ्या पटलावर एक ओळ लुकलुकत असते आणि आपण लिहू तेवढेच तो करतो. आत गेल्यावर पहिला धडा असा की ‘रूट’ या नावाने काम करायचे नाही. रूट म्हणजे घरचा कर्ता. त्याला कोणी अडवत नाही, म्हणून त्याच्या हातून झालेली चूकही कोणी अडवत नाही. त्यासाठी वेगळा, मर्यादित अधिकारांचा वापरकर्ता निर्माण करतात. मग परवलीच्या शब्दाऐवजी किल्ल्यांची जोडी बनवायची. एक किल्ली सर्व्हरवर, दुसरी आपल्याजवळ, आणि आपल्याजवळची कधीही कोणाला द्यायची नाही. नंतर भिंत घालायची, म्हणजे संगणकाची सगळी दारे बंद करून दोनच उघडी ठेवायची. एक आपल्याला आत यायला आणि दुसरे नाण्याच्या जाळ्याशी बोलायला. डॅशच्या बाबतीत या दुसऱ्या दाराचा क्रमांक ९९९९ आहे.

एवढे झाल्यावर नाण्याची आज्ञावली उतरवून घ्यायची आणि आरंभापासूनची सगळी खातेवही डाउनलोड होईपर्यंत वाट पाहायची. याला काही तास लागतात. मग एका साध्या मजकुराच्या फाइलीत चार-सहा ओळी लिहून संगणकाला तो कोण आहे हे सांगायचे. येथे एक सुंदर योजना आहे. डॅशमध्ये २०१९ पासून मालकाची किल्ली, मत देण्याची किल्ली आणि चालकाची किल्ली या तीन वेगवेगळ्या असतात. भाड्याच्या संगणकावर फक्त चालकाची किल्ली ठेवायची. उद्या कोणी चोर त्या संगणकात शिरला तरी १००० नाणी त्याच्या हाती लागत नाहीत, कारण ती तेथे नसतातच. मालक, मतदार आणि व्यवस्थापक यांचे अधिकार वेगळे असावेत हे आम्ही कंपनी व्यवहाराच्या पुस्तकात वाचून परीक्षेत उतरवतो. तेच तत्त्व चार ओळींच्या फाइलीत प्रत्यक्ष चालताना दिसते, ही गोष्ट मला फार आवडली.

संगणक बंद पडला किंवा नेमून दिलेल्या कामाला हजर राहिला नाही की त्याच्या नावावर दंडाचे गुण चढतात. ते मर्यादेबाहेर गेले की त्याला रांगेतून काढले जाते आणि मोबदला थांबतो. तारण ठेवलेली नाणी डॅशमध्ये जप्त होत नाहीत. इथेरियमने २०२२ च्या सप्टेंबरात वीज खाणारी यंत्रे सोडून ३२ नाण्यांच्या तारणाची पद्धत स्वीकारली. तिथे लबाडी केली तर तारणातूनही कापले जाते. म्हणजे झोपून राहायचे हे वर्णनही खरे नाही. रात्री दोन वाजता सर्व्हरची तबकडी भरली तर उठणारा कोणीतरी लागतो.

आता पैशाकडे वळू. २०१७ च्या डिसेंबरात एका डॅशचा भाव १५०० डॉलरच्या आसपास गेला होता, म्हणजे एका मास्टरनोडचे तारण झाले १५ लाख डॉलर. वर्षभराने, २०१८ च्या डिसेंबरात, तोच भाव १०० डॉलरच्या खाली आला होता. त्या वर्षात मास्टरनोडवाल्याला सोयीसाठी ७० नवी नाणी मिळाली असे धरू. त्याच्या वहीत १००० ची १०७० झाली. त्याला कोणी विचारले तर तो “सात टक्के मिळाले” असे म्हणेल आणि ते खोटे नसेल. पण १५ लाख डॉलरचे एक लाखाच्या आसपास झाले, हेही खोटे नाही. मोबदला नाण्यात मोजायचा आणि घर रुपयात चालवायचे, यातली ही गंमत आहे. शिवाय नाण्याच्या मूळ नियमाप्रमाणे नव्या नाण्यांची निर्मिती दर वर्षाला सुमारे ७ टक्क्यांनी घटत जाते. आणखी एक जुनी गोष्ट. डॅशची एकूण नाणी कधीतरी जास्तीत जास्त १ कोटी ८९ लाखांच्या आसपास होतील. त्यांतली सुमारे १९ लाख पहिल्या दोन दिवसांतच निघाली. आज्ञावलीतल्या दोषामुळे तसे झाले असे निर्मात्याने सांगितले. कारण काहीही असो, प्रवर्तकांच्या आसपासच्या मंडळींकडे किती भाग आहेत हे कंपनीच्या माहितीपत्रकात आधी छापावे लागते. येथे ते दोन दिवसांत उरकले.

आमच्या येथे डॅशचे १००० नाण्यांचे तारण कोणाला परवडणार? म्हणून लहान नाणी पुढे येतात. वसतिगृहातल्या सात जणांनी प्रत्येकी १५ हजार रुपये काढून अशाच एका लहान नाण्याचा मास्टरनोड उभारायचे ठरवले आणि मी कॉमर्सचा म्हणून हिशेब मी ठेवावा असा त्यांचा आग्रह झाला. पंधरा हजार म्हणजे किती? २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे पावणेदोन क्विंटलहून अधिक कापूस; तोही ओलावा ८ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण भाव, आणि १२ च्या वर गेला तर भारतीय कापूस निगम गाडी परत पाठवणार. सातांपैकी पाच जणांच्या घरी हा कापूस आईच्या आणि बहिणीच्या हातांनी वेचलेला आहे. त्या नाण्याच्या जाहिरातीत वर्षाला १२० टक्के लिहिले होते.

मी कागद घेऊन बसलो. बाजारात त्या नाण्याची एकूण १० लाख नाणी आहेत आणि ती सगळीच्या सगळी मास्टरनोडमध्ये अडकली आहेत असे समजा. १२० टक्क्यांनी वर्षात १२ लाख नवी नाणी निघतील, एकूण २२ लाख. बाहेरून नवा पैसा आला नाही तर पूर्वी जी किंमत १० लाखांत वाटली होती ती आता २२ लाखांत वाटली जाईल. ज्याची १००० नाणी होती त्याची २२०० झाली, पण भाव सव्वादोन पटींच्या जवळपास उतरला. ताळेबंदात फरक शून्य. यालाच आम्ही बोनस भाग म्हणतो. भागधारकाच्या हाती कागद वाढतात, कंपनीतला त्याचा हिस्सा तेवढाच राहतो. दुसरी शक्यता घेऊ. १० लाखांपैकी ६ लाख नाणीच मास्टरनोडमध्ये आहेत. मग नवी ७ लाख २० हजार निघतील आणि एकूण १७ लाख २० हजार होतील. मास्टरनोडवाल्याची मालमत्ता सुमारे २८ टक्क्यांनी वाढेल. पण ज्यांनी नाणे नुसते विकत घेऊन ठेवले त्यांची सुमारे ४२ टक्क्यांनी घटेल. म्हणजे “कोण देतो?” या प्रश्नाचे उत्तर मिळाले. ज्याला गाठ मारता येत नाही तो देतो, किंवा उद्या विकत घ्यायला येणारा देतो. बाजारात कापूस वाढला नाही. १७० किलोची गाठ सोडून तिच्याच लहान लहान गाठी बांधल्या, एवढेच.

यात आता कर घाला. २०२२ च्या अर्थसंकल्पाने आभासी मालमत्तेच्या हस्तांतरावरील नफ्यावर सरसकट ३० टक्के कर बसवला, अधिक अधिभार. खरेदीच्या किमतीखेरीज कसलाही खर्च वजा मिळत नाही आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्या व्यवहाराच्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या वेळी १ टक्का उगमातच कापला जाऊ लागला. वरच्या पहिल्या उदाहरणात, जेथे खरा फायदा शून्य आहे, काय होते पाहा. सात जणांचे मिळून १ लाख ५ हजार रुपये. वर्षअखेर सगळे विकले तर तेवढेच हाती येतात; पण त्यांतले सुमारे ५७ हजार मोबदल्याच्या नाण्यांचे. त्यांची खरेदी किंमत शून्य धरली तर ते सगळे ‘उत्पन्न’, त्यावर सुमारे १७ हजार कर. मूळ नाण्यांवर तेवढाच, सुमारे ५७ हजारांचा, तोटा झालेला असतो. तो वजा होत नाही. सर्व्हरचे भाडे महिना ६०० धरले तरी वर्षाचे ७,२००; तेही वजा होणार नाही. नाणी काढणाऱ्या यंत्रसामग्रीचा खर्च संपादनाचा खर्च मानता येणार नाही, हे सरकारने २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलेले आहे. बाजार जागच्या जागी राहिला तरी मंडळी सुमारे २४ हजारांच्या खड्ड्यात. १२० टक्के मिळूनही! हा कागद मी वसतिगृहाच्या भिंतीवर लावला होता. दुसऱ्या दिवशी त्यावर कोणीतरी मेसच्या भाजीविषयी तक्रार लिहिली, असो.

हिशेबाहून मोठी अडचण नावाची होती. ती सगळी नाणी ज्या किल्लीने उघडतात ती एकाच्याच लॅपटॉपवर असणार होती, कारण लिनक्स त्या एकालाच येत होते. आमच्या घरोघरच्या बायका भिशी चालवतात. तिथे कायदा नसतो, पावती नसते. पण वही असते आणि जिच्याकडे पैसे आहेत तिचे घर सगळ्यांना ठाऊक असते. बँकेच्या पासबुकात निदान आपले नाव असते. येथे खातेवही जगाला उघडी आहे, कोणीही पाहू शकतो की अमुक पत्त्यावर इतकी नाणी आहेत. तो पत्ता सातांचा आहे हे मात्र जगात कुठेही लिहिलेले नाही. लॅपटॉप चोरीला गेला, तबकडी जळली, किंवा मैत्री तुटली, तर उरलेल्या सहांनी कोणाकडे जायचे? १९३२ चा भागीदारी कायदा आम्ही दुसऱ्या सत्रात शिकलो. साध्या कागदावर सात सह्यांचा करार करा, किल्लीची एक प्रत मोहोरबंद पाकिटात तिसऱ्याकडे ठेवा, असे मी सुचवले. “तुझा आमच्यावर विश्वास नाही का?” असे उत्तर आले. विश्वास लागू नये म्हणून काढलेल्या नाण्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारला जावा, हे मला विलक्षण वाटले.

आणि तो दूरचा संगणक? तो शेवटी दुसऱ्याचा आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात हेट्झनर या जर्मन कंपनीने आपल्या यंत्रांवर चालणाऱ्या ‘सोलाना’ या नाण्याच्या हजारावर गाठी बंद केल्या. असले काम आमच्या जागेत चालणार नाही असे तिच्या नियमांत होतेच. भाडेकरूंनी ते वाचले नव्हते. कोणाचीही सत्ता नसलेले जाळे म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याचा एक मोठा भाग एका घरमालकाने झटक्यात बाहेर काढला.

आपल्या भागाला हे सर्व इतके नवे नाही. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चालत असे आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार. साधारण सात हालीला सहा कलदार हा हिशेब शेतकऱ्याला तोंडपाठ असे. हालीच्या मागे एक सरकार होते, टांकसाळ होती, आणि तरीही १९५० च्या दशकाबरोबर हाली गेला. कापसाचीही एक गोष्ट आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडणारा आणि बंद होणारा भाव तारेने मुंबईला येई आणि त्या आकड्यावर पैजा लागत. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून आकडे येणे थांबले. तेव्हा लोकांनी मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडे काढायला सुरुवात केली. मटका तो हाच. त्यात कापूस कधीच नव्हता, फक्त कापसाचा आकडा होता. मी मास्टरनोडला मटका म्हणत नाही. तो काही काम खरोखर करतो. पण काम आणि आकडा यांतले अंतर किती आहे हे मोजायची सवय कापसाच्या मुलखात तरी असावी.

उघड फसवणुकीचे उदाहरण हवे असेल तर तेही महाराष्ट्रातच आहे. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेत महिन्याला १० टक्के, तेही अठरा महिने, देण्याचे आश्वासन होते. २०१७ मध्ये बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे घरचेच नाणे लोकांच्या हाती ठेवण्यात आले, ज्याची किंमत कितीतरी कमी होती. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाजला अटक केली. तो २०२२ च्या जानेवारीत वारला. ही योजना आणि मास्टरनोड एक नव्हेत. तिथे यंत्रे चालतात असे सांगितले जात होते, येथे यंत्र आपण स्वतः चालवतो. परंतु दोन्हीकडे ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न एकच असतो, किती टक्के.

आमचे काही अध्यापक या सगळ्याला एका शब्दात ‘जुगार’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. कायद्याने कर घेतला जातो ती गोष्ट नुसती हाकलून लावता येत नाही, आणि बँका म्हणजे तरी अभेद्य किल्ले आहेत असे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदाराला २०१९ नंतर कोणी सांगू नये. त्या घटनेनंतर ठेवींच्या विम्याची मर्यादा २०२० च्या फेब्रुवारीत एक लाखावरून पाच लाखांवर गेली. पण विमा होता म्हणून मर्यादा वाढवता आली. मुंबईच्या ‘वझीरएक्स’ या नाणेबाजारातून २०२४ च्या जुलैत सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली, तेव्हा वाढवायला मर्यादाच नव्हती.

जुगार म्हणून विषय बंद केला की त्याबरोबर लिनक्सही हद्दपार होते, हे माझे खरे दुःख आहे. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठातला लिनस टॉरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी, म्हणजे माझ्याहून एका वर्षाने मोठा, आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत आहोत असे जाहीर करतो. आज जगातले बहुतेक सर्व्हर त्या प्रणालीवर चालतात आणि ती फुकट मिळते. आमच्या वाणिज्य शाखेत टॅली शिकवतात. ते आवश्यकच आहे. पण टॅलीतली माहिती कोणत्या यंत्रावर राहते, तिची दुसरी प्रत कुठे असते, यंत्रात कोण कधी शिरला याची नोंद कुठे सापडते, हे विचारले तर आम्ही एकमेकांकडे पाहतो. वसतिगृहातला जो एकटा मुलगा ती गाठ मारू शकतो, तो मराठी माध्यमातूनच आलेला आहे. इंग्रजी सूचना शब्दकोश घेऊन वाचता वाचता त्याने तीन महिन्यांत जे मिळवले ते आमच्यापैकी कोणाजवळ नाही. त्याला नोकरी देणारा कोणीही त्याच्याकडे किती नाणी आहेत हे विचारणार नाही.

यासाठी जर्मनीत कप्पा भाड्याने घेण्याचीही गरज नाही. त्या भाड्याला परदेशी चालणारे कार्ड लागते, आणि ते विद्यार्थ्याजवळ नसते म्हणून मग कोणा ओळखीच्याचे कार्ड, त्याचे कमिशन वगैरे नवीन फाटे फुटतात. आमच्या संगणक कक्षात कोपऱ्यात चार जुने संगणक झाकून ठेवलेले आहेत. त्यांतल्या एकावर लिनक्स चढवून तो कक्षातच दूरस्थ सर्व्हर म्हणून वापरता येईल. वसतिगृहातून त्यात शिरायचे, भिंत घालायची, वापरकर्ते निर्माण करायचे, मेसचा जमाखर्च त्यावर ठेवायचा, रोज रात्री त्याची प्रत दुसऱ्या संगणकावर जाईल अशी व्यवस्था करायची. कोणाला मास्टरनोडच पाहायचा असेल तर डॅशचे सरावाचे जाळे उपलब्ध आहे. त्यातली नाणी फुकट मिळतात आणि त्यांना बाजारात किंमत नसते. किल्ल्या, दारे, दंडाचे गुण, सगळे तेच.

सात जणांपैकी चौघांनी आपले पैसे अजून दिलेले नाहीत. हिशेबनीस होण्यासाठी मी घातलेल्या अटी, म्हणजे सह्यांचा करार, मोहोरबंद पाकीट आणि रुपयांत लिहिलेली कीर्द, त्यांच्या विचाराधीन आहेत. संगणक कक्षाच्या किल्लीसाठी विभागप्रमुखांकडे दिलेला अर्जही विचाराधीनच आहे. त्यावर वाणिज्य शाखेच्या एकतीस विद्यार्थ्यांच्या सह्या आहेत, आणि तो मंजूर झाला तर पहिल्या यंत्रावर लिनक्स चढवायला एक दुपार पुरेल.